ओरेस्तेला दगड हवा होता

दर मे महिन्यात कॉलेजची दोन-चार पोरं माझ्या दारात येऊन उभी राहतात. कबरस्तानातून आलेली असतात, बुटांना चिखल तसाच. "तुम्हीच ना जेम्मा टोनारेली? ओरेस्ते मेनकोनी तुमच्याकडे राहायचे ना?" हो बाबांनो, माझ्याकडेच राहायचा. वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत. त्याचे मोजे मी रफू केलेत. त्याच्या सभा संपेपर्यंत त्याचं सूप मी चुलीवर गरम ठेवलंय, आणि शेवटी त्याचं शौचाचं भांडंही मीच उचललंय. बसा. वाइन घ्या. पण संत हवा असेल तर पलीकडच्या गल्लीत चर्च आहे, तिकडे जा.

पोरं हसतात. त्यांना वाटतं म्हातारी गमतीची आहे. मी गमतीची नाही, मी चिडलेली आहे. वीस वर्षं झाली तरी राग उतरत नाही, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच.

ओरेस्ते करारा गावचा. आम्ही सगळेच तिकडचे, संगमरवराच्या डोंगरातले. तिकडे आमच्या बापजाद्यांनी जन्मभर पांढरी धूळ खाल्ली आणि म्हातारे होऊन मेले. ती धूळ खोकल्याबरोबर बाहेर पडते. म्हणून अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये आलो तेव्हा इथल्या करड्या ग्रॅनाइटला कोणी घाबरलं नाही. दगड तो दगड, असं म्हणून माणसं छिन्नी घेऊन बसली. ही धूळ आत गेली की बाहेर येत नाही, हे कळायला आमची अख्खी एक पिढी जमिनीत जावी लागली. चाळिशीत खोकला, पंचेचाळिशीत बायको विधवा. विधवा झाली की तिने घरात खानावळ काढायची आणि तळघरात वाइन गाळायची, पोरांच्या तोंडात घास पडायला हवा ना. माझा नवरा नेल्लो चांगला जिवंत होता तरी मी खानावळ काढली. आधीच सवय केलेली बरी, असं मी म्हणायचे. नेल्लो हसायचा.

तर ओरेस्ते. पाथरवट म्हणून तो सामान्य होता, खोटं कशाला बोला. सरळ चौथरे काढायचा, पाट्या गुळगुळीत करायचा. फूल, चेहरा, कपड्याची चुणी असलं काम त्याच्या हाती कोणी दिलं नाही आणि त्यानेही मागितलं नाही. पण तोंड उघडलं की दगड घडवायच्या शेडमधले हातोडे थांबायचे. युनियनच्या हॉलमध्ये लाल बावट्याखाली तो उभा राहिला की मागच्या बाकावरचे अराजकवादीसुद्धा पत्ते खाली ठेवायचे, आणि त्यांनी तर देव आला असता तरी डाव मोडला नसता.

त्यांचा पुढारी म्हणजे म्हातारा चेकार्दो. पुढारी म्हटलेलं त्याला चालायचं नाही, पण होता. माझ्याच स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी त्याचं आणि ओरेस्तेचं जुंपायचं.

"ओरेस्ते, तुझी क्रांती आधी अर्ज भरून घेते," चेकार्दो म्हणायचा.

"आणि तुझी क्रांती जेवणाची वेळ झाली की घरी येते," ओरेस्ते म्हणायचा. "जेम्मा, त्याला आणखी पोलेन्टा वाढ."

एकदा ओरेस्ते सोशालिस्टांच्या तिकिटावर उभा राहून नगराध्यक्ष झाला. मालकांनी छाती बडवून घेतली, आता हा बँक जाळणार म्हणे. त्याने काय केलं, तर गटारं बांधली. खालच्या वस्तीतला घाणीचा ओढा बंद केला, टायफॉइड गेला. चेकार्दो म्हणाला, "क्रांती गटारातून येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं." पुढच्या निवडणुकीत ओरेस्ते पडला. गटारं राहिली. पहिल्या महायुद्धात तो म्हणाला की हे युद्ध मालकांचं आहे, मरणार मात्र आपली पोरं. तेवढ्यावरून सरकारने त्याला आत टाकलं. सुटून आला तेव्हा दात दोन कमी होते आणि बोलणं तेवढंच होतं.

मोठा संप झाला त्या हिवाळ्याचं मात्र सांगते, कारण त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. मालकांनी युनियन मोडायला कॅनडातल्या क्वेबेकहून फ्रेंच पोरं आणली. भुकेली, लोकरी टोप्या घातलेली पोरं. आमची माणसं पुलावर जमली, खिशात दगडाच्या कपच्या, एकेकाच्या डोळ्यात रक्त. नेल्लोही त्यात होता. ओरेस्ते कठड्यावर चढला.

"मारा त्यांना," तो म्हणाला. "पण आधी एवढं सांगा, ते तुमचं काय चोरायला आलेत? तुमचा खोकलाच ना? नेऊ द्या की."

कोणी हसलं, कोणी शिवी दिली, पण दगड पडला नाही. संप आम्ही हरलो. आणि त्या क्वेबेकच्या पोरांच्या बायकांनी पुढे माझ्याच रस्त्यावर खानावळी काढल्या. ओरेस्ते बोलला ते खरं व्हायचं. तेच तर दुखतं.

आता नेल्लोबद्दल. माझा नवरा होता म्हणून म्हणत नाही, त्याच्यासारखा हात या डोंगरांत दुसरा नव्हता. ग्रॅनाइट म्हणजे हट्टी दगड, लोण्यासारख्या संगमरवराची सवय झालेला माणूस त्याच्यापुढे रडतो. नेल्लो त्यातून बाईच्या ओढणीची जाळी काढायचा. बँकवाले, घोड्यांचे व्यापारी, त्यांच्या मेलेल्या लेकी, सगळ्यांवर नेल्लोची फुलं आहेत. आणि जितकं काम नाजूक तितकी धूळ बारीक, तितकं तोंड दगडाजवळ. हवेवर चालणारी छिन्नी तोंडासमोर भुरभुर उडवते, आणि हिवाळ्यात थंडीपायी शेडची दारं बंद.

त्याला खोकला लागला तेव्हा मी सॅनिटोरियममध्ये घेऊन गेले. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, दिव्यासमोर धरला. "अर्धं गेलं आहे," म्हणाला. "उरलेल्या अर्ध्यावर माणूस पुष्कळ जगतो. पण धूळ बंद. आजपासून."

नेल्लो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेला. मी रडले, भांडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग मी ओरेस्तेला सांगितलं. तो जेवणाचं ताट सोडून उठला, शेडमध्ये गेला आणि सगळ्यांसमोर नेल्लोच्या हातातली छिन्नी काढून घेतली. सगळी हत्यारं पेटीत भरली, पेटी खांद्यावर टाकली आणि ती आणून आपल्या पलंगाखाली ढकलली.

"ही माझ्या मढ्यावरून जाईल," तो म्हणाला.

त्यानेच युनियनच्या सहकारी दुकानात नेल्लोला चिकटवला. पीठ तोलायचं, चीज कापायचं. "ही धूळ पोटभर खाल्लीस तरी चालेल," ओरेस्ते पिठाच्या पोत्यावर थाप मारून म्हणाला. नेल्लोने तोंड वाकडं केलं, पण राहिला. साबणाच्या वड्यांवर गिऱ्हाइकांचे चेहरे कोरत बसायचा, लोकांना ते साबण वापरवेनात. त्याच्या गालावर मांस आलं. रात्री तो उशीवर डोकं ठेवून झोपायला लागला, बसून नाही. अशी पाच वर्षं मला मिळाली, आणि ती मला ओरेस्तेने दिली. त्याबद्दल मी त्याचे पाय धुतले असते.

त्याच वर्षांत त्याने ते मोठं काम तडीस नेलं. धूळ ओढणारा पाइप. प्रत्येक पाथरवटाच्या छिन्नीजवळ पाइपचं तोंड आणि शेडच्या टोकाला राक्षसासारखा पंखा. मालक म्हणाले, परवडत नाही. सरकारी माणसं म्हणाली, अभ्यास करू. ओरेस्तेने जिथे तिथे जाऊन, सॅनिटोरियमच्या व्हरांड्यातल्या माणसांची नावं मोठ्याने वाचून, त्यांच्या नाकी नऊ आणले. शेवटी पाइप आले. पहिला पंखा सुरू झाला त्या दिवशी ओरेस्तेला खुर्चीत बसवून न्यावं लागलं, कारण तोवर त्याची स्वतःचीच छाती भरली होती. पंखा घोंगावला आणि तो म्हातारा रडला. पाथरवट मात्र कुरकुरत होते, पाइप मधे येतो, मानेला गार वारा लागतो.

"मानेला वारा लागतोय ना? मग मान जिवंत आहे," तो त्यांना म्हणाला.

आज आमच्या गावात तरुण माणूस धुळीने मरत नाही. ते त्या पाइपमुळे. हे पोरांनी लिहून घ्यावं, मला काही वाटत नाही.

पण पुढचं कोणी लिहून घेत नाही.

ऑक्टोबरची दुपार होती. ओरेस्ते आता उठत नव्हता. मी वाटीत रस्सा घेऊन वर गेले. नेल्लो दुकान सोडून आला होता, त्याच्या पलंगाशी बसला होता.

"नेल्लो," ओरेस्ते म्हणाला, "माझ्या दगडाचं काय?"

"कसला दगड?"

"कबरीवरचा."

"करतील की युनियनवाले. चांगली पाटी करतील. नाव, साल, सगळं."

"पाटी." त्याने तोंड कडू केलं. "जन्मभर मी दुसऱ्यांच्या पाट्याच केल्या. मला उभा करा. अंगभर. बोलताना असतो तसा." धाप लागली म्हणून तो थांबला. "आणि तू कर."

मी वाटी खाली ठेवली. "ओरेस्ते, ताप चढलाय तुला."

"ताप नाही."

"मग अक्कल गेली. डॉक्टर काय म्हणाला ते तुला माहीत आहे. तूच याला ओढून बाहेर काढलंस. त्याची हत्यारं या पलंगाखाली आहेत, तूच ठेवलीस."

"माहीत आहे मला, जेम्मा."

"काय माहीत आहे?"

"मी काय मागतोय ते." त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे साफ होते, भ्रम वगैरे काही नव्हता. "मी पाथरवट आहे गं. पुढारी मला लोकांनी केलं. त्या टेकडीवर केवढे दगड उभे आहेत. बँकवाल्यांना मिळाला, घोडेवाल्यांना मिळाला. नेल्लोच्या हातचा एक मला नको का? एवढंच मागतो."

"एवढंच म्हणे. तुझ्या थडग्यावर ठेवायला माझा नवरा हवाय तुला, हेच ना? लोकांना सांगायला ब्रह्मज्ञान, आणि आपण कोरडा पाषाण."

मी नेल्लोकडे वळले, म्हटलं हा तरी नाही म्हणेल. नेल्लो माझ्याकडे बघतच नव्हता. तो ओरेस्तेच्या कपाळाकडे बघत होता, डोळे किंचित बारीक करून, मग जबड्याकडे, मग मानेच्या शिरेकडे. दुकानातल्या पाच वर्षांत मी त्याची ही नजर पाहिली नव्हती.

"डोकं थोडं वर कर," नेल्लो त्याला म्हणाला.

मी रस्सा खाली नेला आणि मोरीत ओतून टाकला. ओरेस्तेने त्या दिवशी काही खाल्लं नाही आणि मी दिलं नाही. त्याच आठवड्यात तो गेला. पेटी त्याच्या पलंगाखालून नेल्लोने स्वतः ओढून काढली.

आमच्यात रीत आहे. साथीदार गेला की त्याचा दगड सोबतची माणसं कामाची वेळ संपल्यावर घडवतात. खाणीतले लोक दगड निवडून देतात, गाडीवाले ओढून आणतात. कोणी मोबदला घेत नाही. मोबदला मागणारा पुन्हा गावात तोंड दाखवू शकत नाही, आणि नाही म्हणणाराही नाही. खाणवाल्यांनी ओरेस्तेसाठी असा दगड काढला की त्यात एक डाग नव्हता, एक रेघ नव्हती. पण मालकांनी सांगितलं, मेनकोनीचा पुतळा आमच्या शेडमध्ये घडणार नाही. ज्या शेडमध्ये त्याने पाइप बसवले, तिथेच त्याच्या दगडाला जागा नाही.

मग तो दगड युनियनच्या हॉलमागच्या जुन्या तबेल्यात ठेवला. भिंती दगडी, खिडकी एक. पाइप नाही, पंखा नाही.

मी युनियनच्या सभेला गेले. बायका तिथे कॉफी द्यायला जायच्या, बोलायला नाही. सेक्रेटरी होता फर्गस गिलख्रिस्ट, स्कॉटलंडचा, सज्जन माणूस, चष्म्याच्या काचा सतत पुसणारा. मी हात वर केला तेव्हा त्याला वाटलं कॉफी संपली.

मी बोलले. माझे शब्द कोणी ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ओरेस्तेचेच वापरले. "धूळ दिसत नाही म्हणून मालक म्हणतो ती नाहीच," मी म्हणाले. "ज्या दिवशी आपणही तसंच म्हणू, त्या दिवशी मालकाला आपल्याला मारायची गरज उरणार नाही. हे कोणाचं वाक्य आहे?" मी एकेकाकडे बघितलं. "त्या तबेल्यात पाइप बसवा. नाहीतर माझ्या नवऱ्याला सोडा. त्याचं अर्धंच उरलंय."

माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघत होते. मग टाळ्या सुरू झाल्या, पाय आपटले, बाकं वाजवली. गिलख्रिस्टने काचा पुसल्या. "मिसेस टोनारेली," तो म्हणाला, "ओरेस्ते गेल्यापासून या हॉलमध्ये असं कोणी बोललं नव्हतं."

आणि मग ते कामाला लागले. पंखा मागवला तर उन्हाळ्याआधी येणार नाही. पुतळा तर एक मेच्या कामगार दिनाला उभा राहायला हवा. एकाच दगडासाठी एवढा खटाटोप कसा करायचा. चेहऱ्याचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं का, तर नेल्लोनेच उठून नाही म्हटलं. मतं घेतली. हात वर झाले, नेल्लोचाही. शेवटी कोणीतरी ठराव मांडला की जेम्माने आत्ता म्हटलेलं वाक्य चौथऱ्यावर कोरावं. तोही मंजूर झाला. तुम्ही कबरस्तानात जे वाक्य वहीत उतरवून आणता, पोरांनो, ते तिथे असं आलं.

बाहेर चेकार्दो पायरीवर बसला होता. "मी हात वर केला नाही, जेम्मा," तो म्हणाला.

"तू कधी करतोस?"

"आम्ही मतदान करत नाही."

"ठाऊक आहे. मग विरोधातही केला नसशील."

त्यानंतर पुष्कळ दिवस तो वाइन प्यायला आला नाही.

त्या हिवाळ्यात मी दुपारी डबा घेऊन तबेल्यात जायचे. हवेच्या छिन्नीसाठी पंप मात्र त्यांनी तीन दिवसांत आणला होता, तो बरा मिळाला. दार उघडलं की आत पिठाच्या गिरणीसारखं दिसायचं, आणि मधे नेल्लो, पापण्या पांढऱ्या, गुणगुणत असलेला. मी ओलं फडकं त्याच्या तोंडाला बांधायचे. मी वळले की तो ते गळ्यात ओढायचा, चष्म्यावर वाफ येते म्हणे.

"बाकीचं फाउस्तोला दे," मी एकदा म्हणाले. फाउस्तो म्हणजे त्याच्या हाताखाली शिकलेला, तिशीच्या आतला, चांगला कारागीर. शेडमध्ये पाइपपाशी काम करायचा आणि संध्याकाळी इथे यायला धडपडायचा. नेल्लो त्याला आत येऊ द्यायचा नाही. तेवढी अक्कल त्याला दुसऱ्यांबद्दल होती.

"फाउस्तोच्या हातून ओरेस्तेचे कान कोबीसारखे होतील."

"होऊ देत कोबी. मला कान नकोत, तू हवायस."

त्याने छिन्नी थांबवली. "पाच वर्षं मी पीठ तोललं, जेम्मा. तू खूश होतीस."

"तू नव्हतास?"

"तू खूश होतीस म्हणून बरं वाटायचं," तो म्हणाला, आणि पुन्हा सुरू झाला.

मी तिथे एका खोक्यावर बसून राहिले. त्या दगडातून ओरेस्ते बाहेर येत होता, पुलाच्या कठड्यावर होता तसाच, एक हात पुढे, तोंड अर्धं उघडं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

फेब्रुवारीत नेल्लो पुन्हा बसून झोपायला लागला. मार्चमध्ये घराचा जिना त्याला एका दमात चढवेना. एप्रिलमध्ये मी डॉक्टरकडे चल म्हणाले तर म्हणाला, काय सांगणार तो, मला मोजता येतं.

एक मेला सगळं गाव टेकडीवर. बँड, लाल बावटे, बॉस्टनहून आलेला एक वकील. तो तासभर बोलला की ओरेस्ते मेनकोनीने पाथरवटांना धुळीतून सोडवलं. नेल्लो पहिल्या रांगेत खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट, आणि तोंडाशी धरायला माझा रुमाल. पुतळ्यावरचा पडदा सरला तेव्हा माणसं रडली. चेकार्दोने टोपी काढली. तो बावट्यालाही टोपी काढत नसे.

गर्दी पांगली तेव्हा नेल्लोने खुणेने सांगितलं, जवळ न्या. आम्ही खुर्ची चौथऱ्यापर्यंत नेली. तो खालून वर बघत राहिला.

"अंगठा," तो म्हणाला.

"काय झालं अंगठ्याला?" गिलख्रिस्टने विचारलं.

"उजवा. बारीक झालाय. वकिलाचा अंगठा झालाय तो." त्याला धाप लागली. "ओरेस्तेचा जाडा होता. इथे, बुडाशी. मी घाई केली."

"कोणाच्या लक्षात येणार नाही, नेल्लो."

"माझ्या येतंय."

मी गिलख्रिस्टकडे बघितलं. नाही म्हण, असं डोळ्यांनीच म्हणाले. तू सेक्रेटरी आहेस, एवढा एक शब्द बोल. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.

"किती दिवस लागतील?" त्याने नेल्लोला विचारलं.

"अंगठा आणखी बारीक करता येईल, जाडा कसा होणार?" मी म्हणाले. मला वाटलं यावर तरी ते थांबतील. पाथरवटाची बायको आहे मी, काढलेला दगड परत लागत नाही हे मला कळतं.

"सगळा हात थोडा उतरवायचा," नेल्लो म्हणाला. "बोटं, मनगट, बाहीची कड. मग अंगठा जाड दिसेल."

"तो इथवर चालूसुद्धा शकत नाही, गिलख्रिस्ट."

"आम्ही उचलून आणू, मिसेस टोनारेली," तो म्हणाला. "आळीपाळीने. रोज."

इतक्या प्रेमाने म्हणाला की मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. आणि त्यांनी ते केलं. रोज संध्याकाळी चार माणसं यायची, दारात पाय पुसायची, माझ्या नवऱ्याला खुर्चीसकट उचलायची. पुतळ्याच्या हाताशी बांधलेल्या फळीवर बसवून, कमरेला पट्टा बांधून त्याच्या हातात छिन्नी द्यायची. उघड्यावर धूळ लागत नाही, असं एकाने मला समजावूनही सांगितलं. हात पुरा झाला. जूनमध्ये नेल्लो गेला, बसल्या जागी, खिडकीशी.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गिलख्रिस्ट आला, टोपी हातात घेऊन. मागे फाउस्तो उभा होता, डोळे सुजलेले.

"नेल्लोचा दगड," गिलख्रिस्ट म्हणाला. "खाणवाल्यांनी निवडलाय. फाउस्तो करेल. त्याने स्वतःच मागून घेतलंय."

"मी रोज रात्री करीन," फाउस्तो म्हणाला. "त्यांनी मला शिकवली ती गुलाबाची वेल काढीन. सगळी."

"कुठे करणार?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"तबेला मोकळा आहे," गिलख्रिस्ट म्हणाला.

मी फाउस्तोला सांगितलं की तुझ्यासारख्याने माझ्या नवऱ्याच्या दगडाला हात लावलेला मला खपणार नाही. तुझं काम कोबी आहे, असं तो स्वतः म्हणायचा. गुलाबाला हात लावायची तुझी लायकी नाही. मी हे रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग मी दार लावून घेतलं.

नेल्लोच्या कबरीवर काही नाही, गवत आहे. बायका मला अजून नावं ठेवतात की गावातल्या सगळ्यात मोठ्या कारागिराला बायकोने साधी पाटीसुद्धा दिली नाही. फाउस्तो आता पन्नाशीला आला, अजून शेडमध्ये काम करतो, पाइपपाशी. रविवारी बायको आणि पोरांना घेऊन माझ्या घरावरून टेकडी चढतो, थांबत नाही, धापा टाकत नाही. मी व्हरांड्यात असले तर तो तोंड फिरवतो.